आत्याबाईंची कॉफी कधी उकळली नाही

आत्याबाई गेल्या तेव्हा मी गोंदियाच्या दवाखान्यातल्या नळावर त्यांची वाटी धूत होते. सिस्टर दारातून म्हणाली, "बाई, तुमच्या पेशंटकडे या." आवाजावरूनच कळलं. तरी मी वाटी दोनदा विसळली, पदरानं पुसली... मग गेले. मच्छरदाणीच्या आत त्या तशाच पडल्या होत्या. गळ्यापासून मांडीपर्यंत पांढरं मलम, हात पट्ट्यांत. फक्त डोळे कुणावर रोखलेले नव्हते. एकोणीस वर्षांत ते डोळे मी असे पाहिले नव्हते. आत्याबाई म्हणजे माझी सासू. नऊ दिवस त्या जळलेल्या अंगानं भांडल्या, सिस्टरशी, डॉक्टरशी, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नातेवाइकांशी आणि सगळ्यांत जास्त माझ्याशी. दहाव्या सकाळी गप्प झाल्या.

आज पाच आठवडे होऊन गेले. सरकारी कागदावर असं आहे की नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटाजवळच्या आमच्या टपरीत उकळत्या कॉफीचा गंज त्यांच्या हातून सुटला आणि त्यांच्याच अंगावर सांडला. दहा लिटरचं जर्मनचं पातेलं, आमच्याकडे त्याला गंज म्हणतात. टपरीत तेव्हा तिघंच होतो, आत्याबाई, मी आणि माझा नवरा. कागदावरचं खरं नाही. गंज माझ्या नवऱ्यानं फेकला, माझ्यावर फेकला, आणि त्या मध्ये आल्या. सोमवारी ठाण्यात माझा शेवटचा जबाब आहे. मी 'बरोबर आहे' म्हटलं की कागद बंद होतील. तसंच म्हणेन असा शब्द मी आत्याबाईंना दिलेला आहे, त्या जिवंत असताना, त्यांच्या खाटेशी उभं राहून. मी चौथी शिकले. चार माणसं समोर बसली की माझा घसा बंद होतो. म्हणून आधी वहीत लिहून पाहते आहे. वहीसुद्धा त्यांचीच. पुढच्या पानांवर माझ्या अक्षरात कॉफी भाजल्याच्या नोंदी आहेत, मी मागच्या पानांपासून सुरुवात केली.

आमच्या गावात कॉफी कोणी पीत नाही. आत्याबाई तरुणपणी गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरात भांडी घासायला जात. तिथे दक्षिणेकडच्या एका साहेबाच्या घरी कच्च्या बिया आणून, घरी भाजून, दळून कॉफी होई. त्या घरच्या अम्मानं यांना चुलीशी बसवलं. साहेबाची बदली झाली तेव्हा अम्मा हातानं फिरवायचं लोखंडी मशीन यांना देऊन गेली. ते डोक्यावर घेऊन आत्याबाई गावी आल्या. पुढे गेट झालं, जिप्स्या आल्या, नागपूरकडची माणसं थंडीत पहाटे येऊन तिकिटासाठी रांगेत कुडकुडायला लागली, आणि यांनी टपरी टाकली. अम्माकडे कॉफीत कसल्याशा मुळाची पूड मिसळत, ती इकडे मिळेना. आत्याबाईंनी तिच्या जागी तरोट्याचं बी घेतलं. पावसाळ्यात बांधावर माजतो तोच तरोटा, कुणी टाकळा म्हणतात. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की आम्ही दोघी बी झोडून आणायचो. चार मुठी कॉफीला एक मूठ तरोटा, पण भाजायचं वेगळ्या कढईत. तरोटा लवकर जळतो, आणि जळला की सगळ्यांना घेऊन जळतो.

मी लग्न होऊन आले, त्यानंतर आठ दिवसांतली गोष्ट. मला भाजायला शिकवत होत्या. "डोयानं नोको पाऊ, नाकानं पाय," म्हणायच्या. आधी धानाच्या ओल्या तणसाचा वास येतो, मग भाकरी शेकल्याचा, मग बी तडकायला लागते. पहिली तडतड मोठी असते, लाह्या फुटल्यासारखी. ती थांबली की कढई जरा वेळ शांत राहते. त्यानंतर दुसरी येते, बारीक, कोंड्यावर पाय पडल्यासारखी. ही दुसरी सुरू व्हायच्या आत बी सुपात पडली पाहिजे. तेल वर आलं की बियांमध्ये कॉफीची चव राहत नाही, नुसती आगीची राहते. मी सगळं बरोबर केलं. कान देऊन बसले, वेळेवर कढई उतरवली, जमिनीवर ठेवली आणि घागर भरायला गेले. मला वाटलं, विस्तवावरून काढलं म्हणजे झालं. परत आले तर बी काळी कुळकुळीत, तेलानं चमकत होती. लोखंड तापलेलं होतं, बी आपल्याच उष्णतेत भाजत राहिली होती.

आत्याबाईंनी चुलीतला तापलेला सराटा, म्हणजे लोखंडी उलथणं, काढला आणि माझ्या डाव्या हातावर टेकवला. मी किंचाळले. त्यांनी तो उचलला, माझं मनगट मात्र सोडलं नाही.

"सराटा काढला ना मी? मंग आता जळणं थांबलं का?"

मी रडत नुसती मान हलवली.

"तोंडानं सांग वं. थांबलं का?"

"नाई, आत्याबाई."

"मंग बी कशी थांबन?"

तो डाग अजून आहे, बोटभर लांब. त्यांनी कधी माफी मागितली नाही, मीही माफ केलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बाया म्हणत होत्या, बुढी वरून कडक, आतून मऊ होती. आतूनही त्या तशाच होत्या. एकोणीस वर्षं मी त्यांच्यासोबत एका चुलीवर काढली, मला मऊ काही सापडलं नाही. दळताना मशीनमध्ये खडा गेला तर पाठीत बुक्की. ग्लासाला साबणाचा वास राहिला तर तोच ग्लास अंगावर. एकदा एका दारुड्यानं ग्लास देताना माझा हात धरून ठेवला, तर आत्याबाईंनी चुलीतलं पेटतं लाकूड ओढून त्याच्या खांद्यावर हाणलं. तो पळाला, शर्टातून धूर निघत होता. गाईड लोक हसून हसून पडले. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मलाही एक थोबाडीत दिली. "तू काऊन वरडली नाई? तोंड कायले देल्लं तुले?"

खरं सांगायचं तर मला त्या दिवशीच्या थोबाडीतीचं काही वाटलं नव्हतं. प्रश्नाचं वाटलं होतं.

आता कॉफी कशी द्यायची त्याबद्दल लिहिते, कारण सगळं त्यावरच अडलं आहे. पाणी उकळायचं, ते वेगळ्या भांड्यात. उकळलं की उतरवायचं, त्यातला खदखदाट बसू द्यायचा, आणि मग फडक्यातल्या पुडीवर हळूहळू ओतायचं. दूध वेगळं तापवायचं. दोन्ही गंजात एकत्र झाली की त्या गंजाला पुन्हा विस्तव दाखवायचा नाही. चुलीच्या बाजूला ऊन राख पसरलेली असे, गंज त्या राखेत बसवायचा. बाहेरून करंगळी लावायची आणि तीन मोजायचे. तीनच्या आत बोट काढावं लागलं तर कॉफी जास्त तापली, झाकण उघडून ठेवा. पाच मोजता आले तर थंड झाली, राखेत खाली दाबा. आमच्या टपरीवर कॉफी उकळली असा एक दिवस मला आठवत नाही. शहरातली माणसं तक्रार करायची. "अम्मा, ये तो ठंडी है, थोड़ा और गरम करो ना." आत्याबाई म्हणायच्या, "जीभ जळाली तं चव कायनं घेशील रे बाबू, कानानं?" त्यांना मराठी कळायचं नाही, पण सूर कळायचा, आणि मुकाट्यानं प्यायचे. पुढच्या वर्षी तीच माणसं गाडीतून उतरून आधी टपरीकडे यायची.

गेटाच्या पलीकडे दुसऱ्या एकाची टपरी होती. तो कॉफी खदखदती द्यायचा, फुंकर मारमारून प्यावी लागे. आत्याबाईंनी मला एकदा त्याच्याकडून ग्लास आणायला लावला. दोघींनी गरम प्यायली, बरी लागली. उरलेली त्यांनी वाटीत ओतून फळीवर ठेवली. दुपारी म्हणाल्या, आता घे. घेतली तर तोंडात राख... पान तोंडात ठेवून जाळावं तसं कडू. "ऊन ऊन तं कोळसाबी खपते वं," त्या म्हणाल्या, "थंडी होऊ दे, मंग पाय काय हाये ते." आमच्या प्रत्येक भाजणीतली एक वाटी अशीच फळीवर जायची. दुपारी त्या आधी चाखत, मग मला देत, आणि मी वहीत लिहायची. 'लाकूड ओलं. उशिरा तडकली. थंड चव आंबट.' 'तरोटा थोडा जास्त. थंड चव बरी.' थंड वाटीत राख लागली तर राहिलेली सगळी पूड त्या मातीत ओतायच्या, कितीही गिऱ्हाईक उभं असो. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी लिहीत असताना मात्र मागे उभ्या राहून बघायच्या. "चौथी शिकली म्हणून मिरवू नोको. मी बोललो तेच लिवलं ना?" मी वाचून दाखवायची. घरात माझा आवाज त्या वहीपुरताच होता.

कॉफी का उकळू देत नाहीत ते मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. चवीसाठीच, असं मला वाटायचं. एका उन्हाळ्यात त्या पायाला तेल चोळत बसल्या होत्या, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांची पावलं जवळून पाहिली. वरच्या बाजूला, बोटांपासून घोट्यापर्यंत, कातडी पांढरी आणि चोळामोळा होती. माझी नजर त्यांनी पकडली. "तुह्या सासऱ्याचं काम," म्हणाल्या. सासरे मी पाहिले नाहीत, माझ्या लग्नाआधी गेले. त्यांना कॉफी उकळती लागे. जराही निवलेली दिसली की तीच पुन्हा चुलीवर ठेवायला लावत, उकळेपर्यंत यांना समोर उभं करत, आणि मग यांच्या पायावर ओतत. "एकडाव नाई, लयडाव," आत्याबाई म्हणाल्या. "हा पोट्टा उंबरठ्यावर बसून पायत राहे." पोट्टा म्हणजे माझा नवरा. तेव्हा सहा-सात वर्षांचा असेल. सासरे गेले त्या दिवसापासून त्यांच्या घरात कॉफी उकळली नाही. एवढं सांगून त्यांनी तेलाची बाटली माझ्याकडे फेकली आणि म्हणाल्या, "पाय का पायत राहिली? चोळ."

माझ्या नवऱ्यानं मला मारायला कधी सुरुवात केली ते नीट सांगता येणार नाही. जिप्सी चालवायचा तोवर रात्रीच्या रात्री बाहेर असायचा, तेव्हा कमी होतं. पिऊन गाडी चालवली म्हणून त्याला काढलं, त्यानंतर तो घरीच. पट्टा, चप्पल, एकदा सायकलची चेन. आत्याबाईंना मी मार खाल्लेला दिसायचा. त्या मला काही म्हणायच्या नाहीत. त्याला मात्र बडवायच्या, साठीच्या पुढची बाई चाळिशीतल्या माणसाला दारातच मुसळानं बडवायची आणि तो डोक्यावर हात घेऊन खाली बसायचा. मला त्याचं बरं वाटायचं. आता वाटतं, त्या घरात तिघांनाही एवढं एकच बोलणं येत होतं.

या वर्षी गेट उघडायच्या आधी आत्याबाईंनी ग्रामपंचायतीत जाऊन टपरीची परवानगी माझ्या नावानं करून घेतली. घरी येऊन कागद माझ्या पुढ्यात टाकला. "वाच." मी वाचला. माझा नवरा खाटेवर बसून ऐकत होता. "मी मेलो का?" तो म्हणाला. आत्याबाई म्हणाल्या, "तुले भाजता येते का? गंजाले बोट लावून सांग, किती मोजाचे?" त्याला खरंच माहीत नव्हतं. एवढी वर्षं तो टपरीच्या बाहेर बसून कॉफी प्यायला, पण चुलीकडे कधी फिरकला नव्हता. त्या दिवसापासून तो रोज मला एकच म्हणायचा, "टपरी पाहिजे तुले? देतो तुले टपरी."

त्या सकाळी जिप्स्या आत गेल्या, धूळ बसली, गेटावरचे लोक आपल्या खोलीत शेकायला गेले. टपरीत शांत होतं. आत्याबाई पाटावर बसून सुपातलं तरोट्याचं बी निवडत होत्या, चुलीकडे पाठ. मी मागच्या बाजूला ग्लास धूत होते. माझा नवरा आला, चुलीशी बसला. आधी वाटलं, शेकतो आहे. मग त्यानं राखेतला गंज उचलून चुलीवर ठेवला आणि खालून दोन लाकडं आत सारली. मी पाहिलं. हे मी वहीत दुसऱ्यांदा लिहिते आहे, कारण पहिल्यांदा लिहून खोडलं होतं... मी पाहिलं. मला वाटलं, त्याला माहीत नाही, ऊन प्यायची असेल. 'उतरवा' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बोलले तर थोबाडीत बसेल, असा हिशेब केला. त्यानं गंजावर डोळे ठेवले होते, दुसरीकडे बघत नव्हता. दूध वर येईपर्यंत, कडेला फेस काळा पडेपर्यंत तो बसून राहिला. तेवढा वेळ माझ्या हातात एकच ग्लास होता, मी तो धूतच होते.

वास आत्याबाईंना आला. त्यांच्या नाकातून काही सुटत नसे. "काय जळून राहिलं वं?" म्हणत त्या उठल्या, सूप हातातच. तोवर त्यानं पोत्याचा तुकडा गुंडाळून गंज दोन्ही हातांनी उचलला होता. "टपरी पाहिजे ना तुले? हे घे," म्हणाला आणि माझ्या अंगावर फेकला. त्या मध्ये आल्या. मुद्दाम आल्या की गंज धरायला धावल्या, ते मला सांगता येणार नाही. त्यांना एवढंच दिसलं असेल की कॉफी उकळते आहे. त्या ओरडल्या नाहीत. सूप पडलं, तरोट्याचं बी सगळीकडे उडालं, आणि त्या उभ्याच राहिल्या, लुगडं अंगाला चिकटलेलं, त्यातून वाफ निघत होती. मग खाली बसल्या. ओरडले मी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ओरडले, आणि गेटावरची माणसं धावत आली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तहसीलचे साहेब बयाण घ्यायला आले. आम्हाला बाहेर काढलं, पण दार अर्धं उघडं होतं आणि आत्याबाईंचा आवाज हळू कधी नव्हताच. साहेब म्हणाले, "आजी, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा." त्या म्हणाल्या, "माह्या हातून सुटला गंज." साहेबांनी विचारलं, "कॉफी गरम होती?" मग त्या म्हणाल्या, "उकळत होती."

पोराला वाचवायला त्या खोटं बोलतील, हे मला तो गंज पडला तेव्हाच कळलं होतं. आई आहे. पण 'उकळत होती' हे शब्द त्यांच्या तोंडून... ज्या बाईनं गिऱ्हाईक परत पाठवलं पण कॉफी उकळली नाही, तिनं मरताना सरकारी माणसासमोर तो डाग आपल्या कॉफीला लावून घेतला. साहेब गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "ऐकलं ना? तूबी असंच सांगजो." मी गप्प. "तोंडानं सांग." मी म्हटलं, "हो, आत्याबाई." त्यांनी डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "फळीवरची वाटी पाय बरं. त्या दिवशीची भाजणी चाखाची राह्यली."

पुण्यानुमोदन झालं आणि चौथ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं टपरी उघडली. मला म्हणाला, तू घरीच राहा. बाजारातून तयार पूड आणली. गंज चुलीवरच ठेवतो, सकाळपासून दुपारपर्यंत खदखदत असतो. गिऱ्हाईक येतं, फुंकर मारून पितं, कोणी काही म्हणत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगतो, "बुढीले दिसे नाई, हातून सुटला गंज." सांगताना आवाज जड करतो. लोक त्याच्या पाठीवर हात ठेवतात. मागच्या बुधवारी त्यानं मला मारलं, कशावरून ते सांगण्यासारखं नाही. मारून झाल्यावर म्हणाला, "आता मधात कोण येते ते पायतो." मग हसला.

आज रविवारी मी टपरीवर गेले आणि त्याच्या गंजातली एक वाटी घेऊन घरी आले. फळीवर ठेवली. दुपारपर्यंत बसून राहिले. थंड झाल्यावर घेतली, थुंकली. मग दवाखान्यातलं त्यांचं ते एक वाक्य आठवून पाहिलं. तेव्हा सगळंच ऊन होतं. त्यांचं अंग तापलेलं, मी घाबरलेली, आईनं पोराला वाचवलं हे ऐकायला बरंही वाटलं होतं. आता पाच आठवडे झाले. वही उघडली, शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, 'कॉफी उकळत होती. थंड चव राख.' त्या बोलतील तेच लिहायचा नियम होता. हे त्या बोलल्या नव्हत्या, हे माझं होतं.

सोमवार होऊन गेला. हे नंतर लिहिते आहे. ठाण्यात साहेब होते आणि टाइप करणाऱ्या एक पोलीस बाई. माझा नवरा मला घेऊन आला होता, तो बाहेर बाकावर. साहेबांनी आधीचा कागद वाचला. "उकळत्या कॉफीचा गंज उतरवताना मयताच्या हातून सुटला. बरोबर ना, बाई?" पोलीस बाई म्हणाल्या, "ताई, पाणी प्या." प्यायले. साहेब घड्याळ बघत होते. "बरोबर ना?"

मी म्हटलं, "आमच्याकडे कॉफी उकळत नाही."

"काय?"

"गंज राखेत राहते. करंगळी लावून तीन मोजाचे. चुलीवर ठेवतच नाई."

साहेब पोलीस बाईंकडे बघून हसले. "बाई, मला कॉफी करायला शिकवू नका. आजीनं स्वतः सांगितलंय, उकळत होती."

"होती," मी म्हटलं. "त्या दिवशी उकळत होती."

त्यांचं हसणं थांबलं. खुर्ची पुढे ओढली. "मग उकळली कोणी?"

दारातून बाकाचा एक पाय आणि त्याची चप्पल दिसत होती. मी टेबलाकडे बघून सांगितलं. लाकडं किती सारली, किती वेळ बसला, पोत्याचा तुकडा कुठून घेतला, काय म्हणाला. मी पाहिलं आणि बोलले नाही, तेही सांगितलं. मध्ये थांबले की पोलीस बाई नुसतं "हं" म्हणायच्या आणि मी पुढे बोलायची. साहेब उठून बाहेर गेले, एका शिपायाला काही बोलले, आणि बाकाजवळ दोन बूट येऊन उभे राहिले.

कागद छापून आला. "वाचता येतं?" मी म्हटलं, येतं. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. वेळ लागला, कोणी घाई केली नाही. तिसऱ्या ओळीत 'गरम कॉफी अंगावर सांडून' असं होतं. मी म्हटलं, "हे बदला. सांडली नाई. फेकली." पोलीस बाईंनी बदललं, पुन्हा छापलं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्यांनी पेन दिला. "पूर्ण नाव लिहा, ताई. तुमचं, मिस्टरांचं, आडनाव." मी माझं लिहिलं, सुनंदा. पुढे त्याचं होतं. ते सोडून माझं नाव पूर्ण होत नव्हतं. बाहेर तो ओरडायला लागला होता, माझ्या नावानं. मी काना, वेलांटी बघून सावकाश लिहिलं, विलास.